सात आत्यांची रजा

शून्यभाऊंचं खरं नाव ऑफिसातल्या हजेरीपटालाच काय ते माहीत. जनावरांच्या खात्यात ते निरीक्षक. दर सोमवारी तळं, गोठे आणि कोंबड्यांची खुराडी पालथी घालायची, किती जीव अचानक मेले ते मोजायचं आणि हिरव्या फॉर्मवर आकडा टाकायचा. जनावरांतली साथ माणसांत शिरायच्या आधी कळावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. एकोणीस वर्षं आकडा एकच : शून्य.

कुणाला वाटेल, काय आरामाची नोकरी! अहो, शून्य लिहायलाही मोजावंच लागतं. हा माणूस उन्हातान्हात पायपीट करायचा, एकेका बदकाची चाल बघायचा आणि मगच शून्य लिहायचा. पण वाचतंय कोण? साहेबांनी भिंतीवर तक्ता लावला होता, त्यावर एकोणीस वर्षांची सपाट रेघ. त्या रेघेबद्दल येत्या शुक्रवारी साहेबांना ढाल मिळायची होती.

आणि नेमकी त्याच सोमवारी तळ्याकाठी सात बदकं मरून पडली.

माना वाकड्या, डोळे सुजलेले. तळ्याला लागूनच बालवाडी, आणि तिथली चाळीस पोरं रोज सकाळी बदकांना हातानं खाऊ घालायची. त्यात शून्यभाऊंची पाच वर्षांची नात. त्यांनी हातमोजे चढवले, बदकं गोणपाटाखाली झाकली, वर दगड ठेवले, नातीला घरी पाठवलं आणि फॉर्मवर पहिल्यांदाच सात लिहिलं.

साहेबांनी फॉर्म परत सरकवला. "शून्यभाऊ, लिहिण्यात चूक झालीय."

"चूक नाही साहेब. सात मेलीत."

"एकोणीस वर्षांत एक नाही आणि आज एकदम सात? रेघेला गालबोट लावताय तुम्ही! शुक्रवारनंतर मरू द्या की."

"ती मेली साहेब. आत्ता."

"मग शुक्रवारनंतर लिहा."

आता ह्याला काय म्हणावं? ढाल साहेबांना, आणि वार पोरांवर! शून्यभाऊ तडक जिना चढले. माणसांचं आरोग्य खातं त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. तिथल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कोण गेलं?"

"बदकं."

"जनावरांचं खाली. वर फक्त माणसांचं. खालच्या साहेबांची सही आणा, मग बघू."

बालवाडीत गेले, तर तिथल्या बाईही कागद मागू लागल्या. कागदाशिवाय शाळा कशी बंद करणार? बोलताना त्यांना हुडहुडी भरली होती. शनिवारी धडपडणारं एक बदक त्यांनीच उचलून सावलीत ठेवलं होतं म्हणे.

घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी. बरं झालं, आपली नात तरी घरी ठेवली."

"आणि बाकीची एकोणचाळीस? ती काय आभाळातून पडलीत?" बायको कडाडली. "अहो, तुमच्या त्या ऑफिसात धावणारा एक तरी कागद असेल की नाही?"

होता. सुतकाच्या रजेचा! ह्या रजेचे अर्ज साहेबांना वगळून थेट वरच्या मजल्यावर जायचे. शिवाय जुना नियम होता : एका घरातली तीनपेक्षा जास्त माणसं आठवड्यात दगावली, तर अर्ज त्याच दिवशी साथीच्या रोगांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाणार. शून्यभाऊंनी अर्ज पुढ्यात ओढला. मृतांची संख्या, सात. नावं नातीनं ठेवलेली होतीच : लंगडी, ढोली, भांडखोर वगैरे. पेन अडलं ते नात्यापाशी.

"आत्या लिहा," बायको म्हणाली. "सगळ्या आत्याच. माझ्या माहेरच्या कुणाला मारायचं नाही, सांगून ठेवते."

वरच्या कारकुनानं अर्ज वाचला आणि तो चक्क उभा राहिला. "अरेरे, सातही आत्या? एकदम? कुठे गेल्या हो?"

"तळ्यात. रोज पोहायच्या."

"ह्या वयात?"

"लहानपणापासूनची सवय."

तासाभरात पांढरे पोशाख, मास्क आणि दोन स्ट्रेचर घेऊन पथक हजर झालं. शून्यभाऊंनी त्यांना तळ्यावर नेलं आणि गोणपाट उचललं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला. "ह्या तुमच्या आत्या?"

"ही थोरली," शून्यभाऊंनी बोट दाखवलं. "बाई, मला हवी ती शिक्षा करा. पण आधी हिची मान बघा, आणि मग ती बालवाडी बघा."

बाई खाली वाकल्या. मान बघितली, डोळे बघितले आणि उठल्या त्या फोन कानाला लावूनच. शाळा लगेच बंद झाली. चाळीसच्या चाळीस पोरं तपासली, सगळी धडधाकट निघाली. बालवाडीच्या बाईंचा ताप मात्र बदकांचाच निघाला. औषध वेळेवर मिळालं म्हणून वाचल्या, नाहीतर बैल गेला नि झोपा केला, अशी गत होती.

ढाल गेली. साहेबांनी नोटीस काढली : "बदक हे कर्मचाऱ्याच्या नात्यात बसत नाही. खोटे नाते लावल्याचा खुलासा करावा."

शून्यभाऊंनी खुलासा दिला : "घरात एकाला ताप आला की तो घरच्यांना लागतो. इथे बदकांचा बाईंना लागला. तर मग नातं कोणतं लिहायचं, ते साहेबांनीच कळवावं."

साहेबांनी तो खुलासा फायलीत सरकवला.

महिन्यानं एका सोमवारी हिरव्या फॉर्मवर पुन्हा शून्य आलं. साहेबांनी सहीला पेन उचललं, मग थांबून चष्मा काढला. "शून्यभाऊ... नक्की शून्यच ना?"

एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. शून्यभाऊंना इतकं भरून आलं, की ते परत तळ्यावर गेले आणि सगळी बदकं पुन्हा एकदा मोजून आले.