मास्तरांनी ब्रेक बदलले

मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, तो शोभेचा. दुसरा बाजूच्या सीटवर बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली, तो खरा. शिकणाऱ्याला खड्डा दिसायच्या आत तो मास्तरांना दिसायचा आणि मास्तरांना दिसायच्या आत त्यांच्या पायाला. गाडी गचकन थांबायची, शिकणाऱ्याचं कपाळ पुढे जाऊन मागे यायचं आणि मास्तर विचारायचे, "बघितलंत? मी नसतो तर?" या प्रश्नाचं उत्तर आजवर कोणालाच देता आलं नव्हतं, कारण दर वेळी मास्तर होतेच.

अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलं होतं. प्रत्येकाला त्यांनी एकेक नाव बहाल केलं होतं. कोणी गोगलगाय, कोणी आंधळी कोशिंबीर, कोणी देवाघरचा पाहुणा. स्वतःचं नाव मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. पाठीमागे सगळे त्यांना 'गचका' म्हणायचे.

अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर स्पोर्ट्स कार घ्यावी, ही खरं तर डॉक्टरला दाखवण्याजोगी गोष्ट होती. गाडी जुनी, पिवळीधमक आणि इतकी बुटकी, की उतरताना आधी जमिनीला हात टेकावा लागे. सीट दोनच.

"अहो, यात आपण सगळे बसायचं कसं?" बायकोने विचारलं.

"सगळ्यांनी बसायचं नाहीये. मला एकट्याला चालवायचीय."

"कुठे जायला?"

"कुठेच नाही."

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. पण मास्तरांना जे हवं होतं ते तिला सांगून पटलं नसतं, कारण सांगायला गेलं तर ते अगदीच पोरकट वाटायचं. त्यांचं सगळं आयुष्य बाजूच्या सीटवर गेलं होतं. दिवसभर दुसऱ्याच्या हातात चाक आणि संध्याकाळी स्वतःच्या हातात आलंच, तर शेजारी बायको, मागे सासूबाई, मांडीवर पिशव्या. गाडीत एकटं असणं म्हणजे काय, हे गाडीवर पोट भरणाऱ्या या माणसाला माहीतच नव्हतं. ते त्यांना एकदा, शहराच्या गर्दीत नाही तर मोकळ्या रस्त्यावर, बघायचं होतं.

गावाबाहेर एका बंद पडलेल्या धावपट्टीचा रेस ट्रॅक केला होता. रविवारी कोणीही आपली गाडी घेऊन जावं, हेल्मेट घालावं आणि जीव भरेपर्यंत फिरावं. मात्र क्लबचा एक नियम होता. नव्या माणसाला एकट्याने सोडायचं नाही. क्लबचा शिक्षक शेजारी बसणार. त्याची खात्री पटली की तो हेल्मेटवर हिरवा स्टिकर चिकटवणार आणि मग तुम्ही मोकळे. मास्तरांना वाटलं, हा नियम इतरांसाठी असेल. "अहो, मी स्वतः गाडी शिकवतो," ते खिडकीतल्या माणसाला म्हणाले. "असं का? छान," तो म्हणाला आणि त्याने त्यांना शिक्षक नेमून दिला.

शिक्षक म्हणजे एक तरुण मुलगी होती. हेल्मेट काखेत मारून ती आली आणि हसली. "नमस्कार मास्तर. ओळखलंत?"

मास्तरांनी ओळखलं आणि ओळखलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. लायसन्सच्या परीक्षेत, मास्तर बाहेर उभे असताना, तिने सरळ जाऊन खांबाला गाडी भिडवली होती. तेव्हा मास्तरांनी तिचं 'धडक' असं बारसं करून वर सल्लाही दिला होता, "पोरी, तू आपली बसने फिर. समाजाचं भलं होईल." आता तिच्या हेल्मेटवर मोठ्या अक्षरांत 'धडक' असं रंगवलेलं होतं. मास्तरांनी नाव ठेवावं आणि पोरीने ते मिरवावं, याला काय म्हणावं!

दर रविवारी धडक शेजारी बसू लागली आणि दर रविवारी तिचं एकच पालुपद. "ब्रेक सोडा, मास्तर."

सरळ रस्त्यावर बाकीचे अजून वेग घेण्याच्या विचारात असायचे, तेव्हा मास्तरांचा पाय ब्रेकवर टेकलेला असायचा. बरं, दाबायचे तेही धडपणे नाही. नुसता ठेवायचे. सरळ रस्त्यावर ठेवला, वळणात ठेवला, वळण संपलं तरी ठेवला. चाकाबरोबर फिरणारी ती लोखंडी डिस्क आणि तिला चिमटीत पकडणारे पॅड, दोघांना बिचाऱ्यांना क्षणभर विसावा नाही. घासून घासून सगळं इतकं तापलं, की एका दुपारी मास्तरांनी पेडल दाबलं आणि ते चिखलात पाय जावा तसं खाली गेलं. गाडी थेट गवतात घुसली.

"मास्तर, ब्रेक कमी पडत नाहीत," धडक गवतातच म्हणाली. "तुम्ही जास्त पडताय. जोरात दाबा, थोडाच वेळ दाबा आणि सोडून द्या. सोडल्याशिवाय ते गार कसे होणार?"

मास्तरांनी यातले नेमके तीन शब्द उचलले आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "ब्रेक कमी पडतात."

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून माणसं निदान गप्प बसतात. मास्तर नवीन अंगण विकत घ्यायला निघाले.

त्यांच्या ओळखीचा एक गॅरेजवाला होता. तोंडाचा गोड आणि मनाने उदार, विशेषतः दुसऱ्याच्या खिशाच्या बाबतीत. त्याने मास्तरांना नव्या डिस्क दाखवल्या. आकाराने मोठ्या, अंगावर तिरप्या खाचा आणि आतून पोकळ, म्हणजे वारा खेळता राहून गार होणाऱ्या. पुढे दोन, मागे दोन. खोकी घरी आली तेव्हा मास्तरांनी त्या जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवल्या आणि मुलगी बघायला आल्यासारखे समोर बसले.

"भिंतीवर लावायच्यात का?" बायकोने विचारलं.

पुढे असं झालं की मोठ्या डिस्क जुन्या चाकांच्या आत मावेनात, म्हणून चाकं बदलली. चाकं बदलली म्हणून टायर बदलले. नव्या डिस्कना जुने पॅड शोभेनात, म्हणून पॅड बदलले आणि पॅड बदलताना ब्रेकचं तेलही बदलून टाकलं. "केलंच आहे तर पूर्णच करू," असं गॅरेजवाला दर वेळी म्हणायचा. या एका वाक्यावर जगातली निम्मी गॅरेजं उभी आहेत. जुन्या डिस्क बायकोने बाल्कनीत नेऊन झाडांच्या कुंड्यांखाली ठेवल्या. एवढ्या सगळ्या व्यवहारात घराला झालेला हा एकमेव फायदा.

एक गोष्ट बदलायची राहिली, ती मास्तरांचा पाय. पण तो कुठल्या खोक्यात मिळत नाही.

तरी खरं ते सांगायला हवं. पुढच्या रविवारी गाडी खरोखरच छान थांबली. पेडलला पाय लागताच मानगूट धरावी तसे ब्रेक तिला पकडायचे. त्या भरवशावर मास्तरांना थोडा धीर आला. पाय थोडा उशिरा जाऊ लागला, लवकर सुटू लागला. सलग काही फेऱ्या धडक एक शब्दही बोलली नाही. वेळ संपल्याचा झेंडा दिसला आणि ती म्हणाली, "पुढच्या पाळीत असंच चालवा, मास्तर. मग चिकटवते." हिरवा स्टिकर तिच्या खिशातून डोकावत होता. मास्तरांना शाळकरी पोरासारखा आनंद झाला.

गाड्या उभ्या करायच्या जागी धडक उतरून दुसऱ्या कोणाला मदत करायला गेली. मास्तरांनी गाडी भिंतीसमोर लावली. भिंतीवर हातभर अक्षरांत पाटी होती, 'ब्रेक गरम असताना हँडब्रेक ओढू नये. चाकाला ठोकळा लावावा.' मास्तरांनी पाटी शेवटच्या शब्दापर्यंत वाचली आणि वाचता वाचता हँडब्रेक करकचून ओढला.

यात त्यांचा काही दोष नव्हता असंच म्हणायला हवं. गाडी थांबली की हँडब्रेक, मग न्यूट्रल, मग श्वास, हा त्यांच्या शाळेचा मंत्र होता. हजारो लोकांकडून त्यांनी तो घोकून घेतला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती पाटी वाचून कुठली जायला! हँडब्रेक ओढून, गाडीवरून मायेने हात फिरवून मास्तर चहा प्यायला गेले आणि तिथे भेटेल त्याला नव्या डिस्कचं कौतुक ऐकवत बसले.

पुढच्या पाळीत पहिल्याच वळणाला ब्रेक दाबला आणि गाडीच्या बुडाखाली थडथड सुरू झाली. दुसऱ्या वळणाला तेच. सीटमधून मणक्यापर्यंत जाणवेल असे हादरे. धडकने गाडी आत घ्यायला लावली, वाकून मागच्या चाकांत पाहिलं आणि उभी राहिली. दोन्ही चमचमत्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा काळा डाग उठला होता.

"हँडब्रेक लावलात ना?"

"लावणार नाही तर काय! गाडी उभी केली की..."

"तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून ठेवलात, मास्तर. त्याचा थर तिथेच चिकटला. आजच्यापुरतं बास. हळूहळू घरी न्या आणि डिस्क साफ करून घ्या."

"आणि स्टिकर?"

"आज नाही."

मास्तरांचा पारा चढला. गॅरेजवाल्याने फसवलं, ट्रॅक वाकडा आहे, पाटी नीट दिसत नाही, सगळं म्हणून झालं आणि मग जे म्हणायला नको ते म्हणाले. "माझ्याच हाताखाली शिकलीस आणि मला अडवतेस?"

धडकने हेल्मेट काढलं. ती रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं.

"शिकले नाही, मास्तर. नुसती बसले होते," ती म्हणाली. "तुमच्या गाडीत मी एकदासुद्धा ब्रेक दाबला नाही. दाबायची वेळ यायच्या आधी तुम्ही दाबलेला असायचा. परीक्षेच्या दिवशी समोर खांब आला. मला दिसत होता. मी वाट बघत बसले."

"कसली वाट?"

"तुमची."

मास्तरांनी विचारलं, "मग शिकलीस कुठे?"

"मामाच्या टेम्पोवर. तो शेजारी घोरत पडायचा आणि टेम्पोचे ब्रेक असून नसून सारखेच. न शिकून सांगते कुणाला?"

मास्तर पिवळी गाडी खडखडवत घरी निघाले. वाटेत त्यांनी स्वतःची बाजू स्वतःपुढे पुष्कळ मांडली. आपल्या गाडीत आजवर कोणाला साधं खरचटलंही नाही, हे त्यांनी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. ते खरंच होतं. पण किती जण लायसन्स घेऊन गेले आणि नंतर गाडीला हात लावायला घाबरले, हेही त्यांना आज आठवायला लागलं. त्या प्रत्येकाला आपण भित्रा म्हणून हसलो होतो, हे आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली.

सोमवारी सकाळी गोदामामागच्या मोकळ्या मैदानात शिवणकाम करणाऱ्या एक बाई शिकायला आल्या. दिवसभर मशीनचं पायडल चालवून पाय तयार, पण जीव मुठीत. मैदानाच्या टोकाला जुन्या टायरांची रास होती. तिथपर्यंत जायचं, थांबायचं, वळायचं आणि परत यायचं.

बाईंनी गाडी काढली. टायर अजून लांब होते, तोच मास्तरांनी ब्रेक दाबला. गचका. "पुन्हा घ्या," मास्तर म्हणाले. या वेळी त्यांनी ठरवून दोन्ही पाय सीटखाली दुमडले. टायर जवळ येऊ लागले तसा एक पाय आपला आपण बाहेर आला आणि पेडलवर बसला. पुन्हा गचका. तिसऱ्यांदा त्यांनी एक पाय दुसऱ्या पायाने दाबून धरला, तर दुसऱ्यानेच घात केला. मालकाचं कोणी ऐकत नव्हतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता.

मास्तरांनी दार उघडलं आणि ते खाली उतरले.

"अहो मास्तर, कुठे निघालात?"

"इथेच आहे. तुम्ही एक फेरी मारून या."

"एकटी?" बाईंचा आवाज चिरकला.

"एकटी," मास्तर म्हणाले.

परीक्षेचा दिवस सोडला तर त्या गाडीत मास्तरांवाचून कोणी बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. गाडी हलली. मास्तर मैदानाच्या मधोमध उभे राहिले. ते भयंकर घाबरले होते. इतक्या वर्षांत शेजारी बसून कधी घाबरले नव्हते, कारण तिथे पायाखाली काहीतरी होतं. इथे नुसती माती होती. गाडी टायरांच्या राशीकडे निघाली, जवळ गेली, आणखी जवळ गेली. मास्तरांनी ओरडायला तोंड उघडलं आणि हाताने दाबून धरलं.

गाडी थांबली. एक हिसका बसून इंजिन बंद पडलं. पुढचा बंपर आणि टायर यांच्यामध्ये वीतभर जागा उरली होती.

मग खिडकीतून बाईंचं डोकं बाहेर आलं. "मास्तर! मीच दाबला! बघितलंत का? मीच दाबला!" आणि मास्तरांची परवानगी न विचारता त्यांनी गाडी सुरू केली, मागे घेतली, वळवली आणि मैदानाला दुसरी फेरी मारायला निघाल्या. मास्तरांच्या समोरून जाताना त्यांनी हॉर्नसुद्धा वाजवला. शेजारची सीट रिकामी होती आणि बाई एकट्याच मोठमोठ्याने हसत होत्या.

मास्तर हात हलवत धुळीत उभे राहिले. त्यांना बाईंचा इतका हेवा वाटला, इतका हेवा वाटला, की त्यांनी त्यांना तिसरी फेरीही मारू दिली.