चार सूर आणि एक दात

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका भित्रा हवालदार हिंदुस्थानच्या फौजेत दुसरा झाला नसेल! उभी नोकरी मिलिटरी बँडमध्ये हॉर्न, म्हणजे ते पितळी वेटोळ्यांचं फुंकायचं वाद्य, वाजवण्यात गेली. रिटायर झाल्यावर दिल्लीतच राहिले आणि हौशी मंडळींच्या एका ऑर्केस्ट्रात शिरले. एका रिक्षावाल्याला कौतुकानं म्हणाले, "मैं हॉर्न बजाता हूँ." तो म्हणाला, "तो हम क्या बजाते हैं, अंकलजी?" करोल बागेत हॉर्नची कळ दुरुस्त करायला गेले, तर दुकानदार विचारतो, "गाड़ी कौन सी है?" काका पालीला भीत, गॅसच्या शेगडीला भीत, पण सगळ्यात जास्त भीत ते स्वतःच्या पुढच्या दाताला. तो हलायला लागला होता. दात गेला की ओठाला टेकू नाही, म्हणजे हॉर्न कायमचा बंद. त्यामुळे चिक्की वर्ज्य, भाकरी दुधात कुस्करून, आणि शिंक आली तरी दोन्ही हात तोंडावर.

त्यातच कार्यक्रमाला एक सिंफनी ठरली, परदेशातल्या कुठल्याशा आठ वर्षांच्या पोरानं फार पूर्वी लिहिलेली. तिच्या मधल्या संथ भागात हॉर्ननं मात्रा मोजत गप्प बसायचं आणि मग चार लांब सूर धरायचे. "त्याचे दुधाचे दात पडत असणार तेव्हा," काका कळवळून म्हणायचे, "त्या कार्ट्याला काय माहीत दाताची किंमत!" महिनाभर काका घरात गप्प बसण्याची तालीम करत होते. काकू बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत आणि वेळ आली की "हं, आता!" म्हणत.

कार्यक्रमाला मी काकूंशेजारी पहिल्याच रांगेत बसले होते. संथ भाग सुरू झाला. काकांचा चेहरा पांढराफटक. काकूंचा अंगठा पेरांवरून सरकत होता आणि माझी नजर काकांच्या तोंडावर. दात आत्ता पडला तर? अंगठा शेवटच्या पेरावर आला, तरी काका हॉर्न उचलेनात. आणि काकू भर सभागृहात मोठ्यानं म्हणाल्या, "हं, आता!"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. बाई गं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. पण हॉर्न वाजला. चारही सूर भरदार, जरासुद्धा न थरथरता.

बाहेर आल्या आल्या काकूंनी काकांना गाठलं. "चुकलंच हो माझं," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"अगं, मी मोजणी कधीच विसरलो होतो," काका म्हणाले. "तुझ्याच आवाजाची वाट बघत होतो."

पंधरवड्यात दात काढावा लागला. हॉर्न त्यांनी ऑर्केस्ट्रातल्या एका मुलीला देऊन टाकला. ती न्यायला आली, तेव्हा काका आंघोळीला गेले आणि ती जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.