नऊ मार्कांचा मेल

“दहापैकी नऊ,” मी म्हणाले. “पण हा मेल मी जाऊ देणार नाही.”

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात तिघं बसलो होतो. माझे बॉस देसाई सर, एका उमेदवाराचा प्रचार बघणारे पाटणकर आणि मी. पहिलं वाक्य ऐकून दोघं खूश झाले. दुसरं कळायला त्यांना जरा वेळ लागला.

माझं काम सांगते. आमची कंपनी लोकांना मेल लिहून देते. माल विकायचा असो की निवडणुकीसाठी देणगी मागायची असो, मेल बाहेर जाण्याआधी माझ्याकडे येतो. वाचणारा तो उघडेल का, शेवटपर्यंत वाचेल का, खालचं ‘डोनेट’ बटण दाबेल का, हे बघून मी मार्क देते आणि मग अप्रूव्ह करते. अकरा वर्षं हेच करतेय.

या मेलची सब्जेक्ट लाइन, म्हणजे उघडण्याआधी दिसते ती ओळ, अशी होती: ‘शुक्रवारनंतर आईचं औषध कुठून आणू?’ आत विक्रोळीच्या एका मुलीचं पत्र. आईला शुगर आहे. जवळचा सरकारी दवाखाना शुक्रवारी कायमचा बंद होतोय. आमचे उमेदवार एकटे लढतायत, त्यांना मदत करा. भाषणबाजी कुठे नाही. एक माणूस, एक तारीख, एक मागणी. देणगीचा मेल असाच लिहायचा असतो.

मीही विक्रोळीचीच. माझ्या आईलाही शुगर आहे आणि तिच्या गोळ्या त्याच दवाखान्यातून येतात. आदल्या संध्याकाळी मेल वाचला आणि आईच्या डब्यातल्या गोळ्या मोजल्या. सकाळी ऑफिसला निघताना आधी दवाखान्यात गेले.

“कायमचा बंद? कोण म्हणालं?” नर्सबाईंनी विचारलं. “रंगकाम आहे. आठवडाभर बाजूच्या शाळेत बसणार आम्ही. बोर्ड लावलाय ना दाराला.”

बोर्ड होता.

म्हणून मीटिंगमध्ये मी पाटणकरांना विचारलं, “ही मुलगी कोण?”

“अशा खूप मुली आहेत, मॅडम.”

“ही कोण?”

“लिहिणाऱ्याने बनवलीय.”

“आणि दवाखाना? तिथे रंगकाम होणार आहे फक्त.”

“इलेक्शनमध्ये थोडं इकडेतिकडे चालतं.”

“माझ्या आईने हे वाचलं असतं, तर गोळ्या पुरवायच्या म्हणून उद्यापासून अर्धी अर्धी घेतली असती. तिला कोण सांगणार इकडेतिकडे चालतं म्हणून?”

देसाई सर मध्ये पडले. “ज्योती, तुला मार्क द्यायला सांगितलंय. खरं-खोटं बघायला नाही.”

“मार्क दिलेत, सर. नऊ आहेत म्हणूनच अडवतेय. तीन मार्कांचं खोटं कोण वाचतं?”

“मी दुसऱ्याकडून अप्रूव्ह करून घेईन.”

“घ्या. माझा रिमार्क फाइलमध्ये राहील. मुलगी बनवलेली, बातमी खोटी. तो मी काढणार नाही.”

अप्रेझल पुढच्याच महिन्यात होतं. पण रिमार्क तसाच ठेवला.

हे फाइलमध्ये लेखी राहणार म्हटल्यावर पाटणकर नरमले. “मग लिहायचं काय?”

“तिथे डॉक्टर आठवड्यातून तीनच दिवस येतात. नर्सबाईंनीच सांगितलं. ते लिहा.”

तसा मेल लिहिला गेला. मी त्याला सहा दिले. तो गेला आणि सहा मार्कांएवढाच चालला. पाटणकर पुढचं काम घेऊन दुसऱ्या एजन्सीकडे गेले. माझं अप्रेझल वाईट गेलं. राजकीय मेल माझ्याकडे येणं थांबलं. आता क्लासेस आणि गाद्यांचे येतात.

एक मात्र पक्कं कळलं. मेल पटणं आणि मेल खरा असणं यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. दोन्ही वेगळं तपासावं लागतं, आणि दुसरं तपासायला कुणी सांगत नाही. गेल्या आठवड्यात एका गादीच्या मेलमध्ये पाठदुखी बरी झालेली आजी होती. मी गादीवाल्यांना फोन लावून विचारलं, आजी कुठे राहतात. मेल आजीशिवाय परत आला.