श्रीकांतच्या हातातला ग्लास

श्रीकांत गेल्याचा फोन त्याच्या बायकोचा, विनयाचाच आला. तासाभरात इथे अमेरिकेत, अल्फारेटाच्या आमच्या सगळ्या मराठी ग्रुपला कळलं, आणि हळहळून झालं नाही तोच एकीने आवाज खाली करून मला विचारलं, प्यायचा का हो तो? अंगाचा तिळपापड झाला माझा. माणूस गेलाय, आणि यांना चौकशा सुचतात! पण खरं सांगायचं तर तो प्रश्न वर्षभर माझ्याही डोक्यात होता. मी मुळात संशयी बाई. ग्रोसरीतल्या एक्सपायरी डेटपासून डॉक्टरांपर्यंत कशावरच माझा चटकन विश्वास बसत नाही.

श्रीकांत नागपूरचा. हसरा, कुणाला ‘नाही’ म्हणणं जिवावर यायचं त्याच्या. गेल्या वर्षी पोटात इतकं दुखलं की इमर्जन्सीत न्यावं लागलं. तिथे रक्तातलं लायपेज तपासलं. स्वादुपिंडाला सूज आली की ते वाढतं म्हणे, आणि याचं भलतंच वाढलेलं. पित्ताशयात खडे नाहीत, स्कॅनमध्ये सुजेपलीकडे काही दिसेना. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ड्रिंक्स किती घेता? एक थेंबही नाही, तो म्हणाला. बाईंनी मान डोलावली आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारलं. शेजारी बसलेल्या विनयाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. तिचे वडील दारूपायी गेलेले. लग्न ठरताना तिने श्रीकांतकडून एवढं एकच वचन घेतलं होतं.

मग ती गॅरेज धुंडाळायला लागली, गाडीची डिकी उघडून बघायला लागली. काही सापडायचं नाही, आणि त्यानेच संशय आणखी वाढायचा. पुढे पुन्हा दुखलं, पुन्हा लायपेज चढलेलं. “माणूस खोटं बोलेल गं, रक्त कशाला बोलेल?” ती मला म्हणाली. आमच्या पार्ट्यांमध्ये बायका वर किचनमध्ये आणि पुरुष खाली बेसमेंटमध्ये, त्यामुळे खाली काय चालतं ते तिला कधी दिसलंच नव्हतं. तिने मिलिंदला विचारलं, श्रीकांतच्या जिवलग मित्राला. तो म्हणाला, वहिनी, जास्त नाही, पण बर्फ घातलेला व्हिस्कीचा ग्लास हातात असतोच त्याच्या.

श्रीकांतचं म्हणणं, अगं, तो ॲपल ज्यूस असतो. रिकामा हात दिसला की ‘एक तर घे यार’ म्हणून पाठीस लागतात, म्हणून धरतो नुसता... ऐकायलाच किती बनावट वाटतं! मीसुद्धा नाक मुरडलं. विनया तर त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

तिसऱ्या खेपेच्या स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या नळीजवळ गाठ दिसली, तोवर फार उशीर झाला होता. आत काहीतरी बिघडलंय, एवढंच ते लायपेज सांगत होतं. कशाने, ते आम्हीच ठरवून मोकळे झालो होतो. विनयाने त्याचं सगळं केलं, पथ्य, औषधं, जागरणं, कशात कमी पडली नाही. अगदी शेवटी मी बसलेली असतानाच त्याने तिला विचारलं, “आता तरी विश्वास बसला ना?” ती ‘हो’ म्हणाली, पण जरा थांबून. ते थांबणं त्याने पाहिलं. गाठही खरी आणि ग्लासही खरा, असं असू शकतं ना... तेच तिला तो गेल्यावरही पोखरत होतं.

परवाच्या शनिवारी आमच्याकडे मंडळी जमली, विनयाला मी बळेच आणलं. जेवायला हाक मारायला खाली गेले तर मिलिंद श्रीकांतच्या आठवणी काढून गहिवरला होता. हातात बर्फाचा ग्लास, आणि त्यातलं घोटभरही कमी झालेलं नाही. मला राहवेना. ग्लास काढून घेतला आणि तोंडाला लावला. थंड चहा, तोही बिनसाखरेचा!

“डायबेटिस आहे मला,” तो पुटपुटला. “नाही म्हटलं तर सोडतात का हे लोक?”

मी त्याचा दंड धरला आणि त्याला तसाच वर किचनमध्ये नेला. सांग हिला, म्हटलं. त्याने सगळं सांगितलं.

“मला वाटलं वहिनी, असं करणारा मी एकटाच आहे.”

तिने माझ्याकडून ग्लास घेतला. ओट्याशी उभ्याउभ्याच तो सगळा चहा पिऊन टाकला. आणि कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाली, “हो.”