तीन नंबरची चाकं

"तू खाली बस. हे काम तुलाच जमेल. रक्तातच आहे तुमच्या."

सरांनी चाकांच्या स्कीच्या आठ जोड्या माझ्यापुढे ओतल्या, वर पाना टाकला आणि ते पाहुण्यांच्या सोफ्याला कव्हर घालायला गेले. शनिवारची सकाळ. शर्यतीला दीड तास होता. टीममधले बाकीचे सात जण प्रायोजकांची निळी जाकिटं घालून अंग मोकळं करत होते. मी नव्या रस्त्यावर मांडी घालून त्यांची चाकं धूत होते. धावायचं मलाही होतं. माझ्याही छातीवर नंबर होता.

आमच्या कॉलेजात क्रॉस-कंट्री स्कीची टीम आहे हे ऐकून लोक हसतात. हसू द्या. इकडे बर्फ रसवंतीत मिळतो, म्हणून आम्ही चाकांच्या स्कीवर धावतो. पायाला लांब पट्टी, तिच्या पुढे-मागे एकेक चाक, हातात दोन काठ्या. मोशीच्या पलीकडे एक रस्ता तयार होऊन उद्घाटनाची वाट पाहत पडला होता. त्यावर दोन दिवसांच्या शर्यती होत्या. शनिवारी एक किलोमीटर, रविवारी दहा. दोन्ही दिवसांची वेळ एकत्र करायची आणि प्रत्येक कॉलेजातली सर्वांत वेगवान मुलगी काश्मीरला शिबिराला जाणार. खऱ्या बर्फावर. मला ती जागा हवी होती. दुसरं काही नको होतं.

समारंभ मात्र बर्फाचाच होता. कमानीवर "हिमशिखरांकडे झेप". स्टेजवर थर्मोकोलचे डोंगर. वारा सुटला की हिमालयाचे दाणे उडून रस्त्यावर यायचे आणि ते झाडायलाही मलाच हाक यायची. गवताचा भारा घेतलेल्या एका आजी थांबून बघत होत्या.

"बाय, बर्फ न्हाई तर बर्फाची वहाण कशापायी?"

"काश्मीरला जायला, आजी."

"मग यष्टीनं जावा की."

दिवसभरातलं सगळ्यात शहाणं बोलणं तेच.

माझे वडील भोसरीत एका शॉपमध्ये लेथवर आहेत. आम्ही दिघीला राहतो. बौद्ध. टीमच्या निवडीच्या वेळी सरांनी पूर्ण नाव विचारलं, मी सांगितलं, सर म्हणाले, "अच्छा." एवढंच. हा 'अच्छा' आमच्या घरातल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला आहे. त्यानंतर टीमचा पाना माझ्याकडे आला, तो परत गेलाच नाही. वर्षभर सगळ्यांची चाकं मी काढली, धुतली, बसवली. आधी वाटलं, विश्वास आहे. मग वाटलं, सवय आहे. त्या शनिवारी कारण सरांनीच सांगून टाकलं.

चाकं बसवताना सरांनी एक वेगळा खोका दिला. "यातली तुझ्या जोडीला लाव." दिसायला चाकं सारखीच. फक्त आतल्या बाजूला बारीक आकडा होता. सगळ्यांच्या चाकांवर दोन, या खोक्यातल्यांवर तीन.

"सर, हा आकडा वेगळा आहे."

"लॉट नंबर आहे तो. काम कर."

मी काम केलं. नट चांगले आवळले. माझ्या हातचा नट सैल नसतो.

शर्यतीत सानिका माझ्या चौदा सेकंद पुढे गेली. सानिका आमची कॅप्टन. तिच्या वडिलांची चाकणला कंपनी, जाकिटं त्यांचीच. सरावात मी तिला बहुतेक वेळा मागे टाकायची. त्या दिवशी वाटलं, कुणीतरी मागून ओढणी धरली आहे. मी जोर लावत होते आणि रस्ता जागचा हलत नव्हता. रेषेपलीकडे सर म्हणाले, "दम कमी पडतो तुझा. घरी खाण्याकडे लक्ष द्या जरा." हे सगळ्यांसमोर. कुणीतरी हसलं.

दुपारी जोड्या पिशव्यांत भरायचं कामही माझंच. भरता भरता मी माझं चाक बोटाने फिरवलं आणि मनात मोजलं. नऊवर थांबलं. सानिकाचं फिरवलं. एकतीस. पुन्हा. तेवढंच. आणखी एकदा. तेवढंच.

संध्याकाळी वडील शिफ्टवरून आले, तेव्हा त्यांना सांगितलं.

"सर म्हणतात लॉट नंबर आहे."

पप्पा हसले. "लॉट नंबर एका आकड्याचा? आमच्याकडे वॉशरला पण सहा आकडे असतात." मग एकदम हसायचे थांबले. "जड चाकं आहेत ती. सरावाची. बेअरिंग मुद्दाम घट्ट ठेवत असतील, पायाला मेहनत व्हावी म्हणून."

मला ते कळलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. ती चाकं माझ्या पायाला मीच बसवली होती. पाना माझ्याच हातात होता.

"पण सोड आता," पप्पा म्हणाले. "टीममध्ये घेतलंय, तेच पुष्कळ."

"घेतलं नाही, पप्पा. निवडीत मी पहिली आले होते."

पप्पांनी शॉपमध्ये शिकवलेली तीन पोरं आज त्यांचे साहेब आहेत. तिघंही त्यांना 'मामा' म्हणतात आणि त्यांच्या कामावर सही करतात. डबा धुऊन ठेवत पप्पांनी विचारलं, "फिरवून मोजलंस?"

"तीनदा."

"मग तोंडाने सांगू नको. त्यांच्यासमोर फिरव. मोजायला त्यांनाच लाव."

रात्री मी नियमांची पुस्तिका वाचली. ती कुणी वाचत नाही, म्हणूनच छापत असावेत. सर्व स्पर्धकांना एकाच प्रकारची चाकं. तक्रार शर्यतीनंतर एका तासाच्या आत. शनिवारचा तास कधीच संपला होता.

रविवारी पाहुणे उशिरा आले. नारळ फुटला, शाली झाल्या, हिमालयाचा एक कडा कोसळला, तो दोघांनी धरून ठेवला. मुख्य पंच बाहेरून आलेल्या एक बाई होत्या. मी दोन स्की घेऊन सरळ त्यांच्यापुढे उभी राहिले. एक माझी, एक सानिकाची.

"मॅडम, मोजाल का?"

फिरवलं. त्या मोजू लागल्या. नऊ. दुसरं फिरवलं. वीसनंतर रांगेतल्या दुसऱ्या कॉलेजच्या मुलीही मोजू लागल्या. मोठ्याने. एकतीस.

सर धावत आले. हळू आवाजात बोलले, पण पंचांच्या हातातला माईक चालू होता.

"तुम्हा लोकांना सगळीकडे अन्यायच दिसतो."

रस्ताभर ऐकू गेलं. पाहुण्यांनी फोनमध्ये डोकं घातलं. आकडा बोलून झाला होता.

पंचांनी चाकं उलटी करून आकडे पाहिले आणि सांगितलं, "सगळ्यांच्या जोड्यांची चाकं काढून तपासा. एकच प्रकार. त्याशिवाय शर्यत सुटणार नाही." सरांनी पाना माझ्यापुढे टाकला. कालच्यासारखाच.

"झालं समाधान? कर आता सगळ्यांचं चेक. पाहुणे खोळंबलेत."

मी पाना उचलला. माझी चार चाकं काढली, टीमच्या पेटीतली दोन नंबरची बसवली, नट आवळले आणि पाना रस्त्याच्या मधोमध ठेवला.

"माझी जोडी झाली, सर. ज्याची त्याने करायची."

"काय म्हणालीस?"

"ज्याची त्याने करायची."

शेवटी सानिका पुढे आली. तिने पाना उलटा धरला होता. नट कुठल्या बाजूला फिरतो हे तिला माहीत नव्हतं. वर्षभर त्याच चाकांवर धावली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काठ्यांचे पट्टे बांधत होते. शर्यत पाऊण तास उशिरा सुटली.

दहा किलोमीटरमध्ये मी तिला दहा सेकंदांनी मागे टाकलं. शनिवारचे चौदा धरले तर एकूण ती चार सेकंदांनी पुढे. शनिवारची तक्रार तासाच्या आत आली नव्हती, म्हणून तो निकाल कायम. पंचांना वाईट वाटलं असावं. त्यांनी नियम दाखवला. मी तो वाचलेला होता.

सानिका काश्मीरला गेली. तिला चाकांचं माहीत होतं का? मी विचारलं नाही. तिने काहीही उत्तर दिलं असतं तरी मी खरं मानलं नसतं. सर म्हणाले, गडबडीत खोका बदलला असेल. तो खोका त्यांनी माझ्या हातात दिला होता. दोन्ही हातांनी.

त्या चार सेकंदांचं मी काही माफ केलेलं नाही.

मी अजून त्याच टीममध्ये आहे. मला काढायला कारण लागेल आणि ते त्यांना लिहून द्यावं लागेल. टीमचा पाना मी सरांच्या टेबलावर ठेवून आले. माझा स्वतःचा घेतला आहे, तो माझ्या चार चाकांखेरीज कशालाही लागत नाही. शर्यतीच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचते. एकेक जोडी उचलते, एकेक चाक फिरवते आणि मोठ्याने मोजते. सर तोंड फिरवतात. मोजणं पूर्ण झाल्याशिवाय मी रेषेवर उभी राहत नाही. तक्रारीचा कागद घरूनच लिहून आणते. त्यावर फक्त आकडा भरायचा बाकी असतो.