कोरडा पुठ्ठा

शर्मिला ढोकेची व्हॅन गळते, ही बातमी वारज्यातल्या त्या सोसायटीत चकलीच्या वासाच्याही आधी घरोघर पोचली. पोचवली सेक्रेटरींनी. जिन्याखालच्या फळ्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पार्किंगच्या फरशीस तेल चोळू नये. अभ्यंगस्नान आपापल्या न्हाणीघरात करावे.' खाली कुणाचं नाव नव्हतं. डिझेलची मोठी गाडी सोसायटीत एकच, मग नाव लिहून खडू कशाला झिजवायचा?

शर्मिलानं फळा वाचला, ओढणी कमरेला खोचली नि इंजिनाखाली पुठ्ठा अंथरला. थेंब कुठून पडतो ते बघणार होती. पण दुसऱ्या दिवशी त्या जागी थेंबच नाही. देवाची कृपा म्हणून तिनं गाडीपुढं नारळ वाढवला. कृपा काही टिकली नाही. आठवडा सरायच्या आत तेल पुढून यायला लागलं, मागून यायला लागलं, वर एक्झॉस्टमधून निळा धूर.

ही बाई दारव्ह्याकडची. पुण्यात आली तेव्हा तिला सायकलही येत नव्हती. नवरा आनंद चाकणला, शिफ्टच्या दावणीला बांधलेला. घरात बसवेना म्हणून ती शाळेच्या व्हॅनवर मावशी झाली, पोरांना धरून चढव-उतर करायची. ड्रायव्हर सारखा दांड्या मारी नि पोरं रस्त्यावर ताटकळत. शेवटी हिनंच गाडी शिकून परवाना काढला, आणि पुढं जुनी पण दमदार टर्बो डिझेल व्हॅन घेतली. तेव्हापासून वारज्याची पोरं सदाशिव पेठेतल्या शाळेत तीच सोडते. पालकांना तिचा एकच शब्द होता: न सांगता गाडी बंद पडणार नाही.

आता दिवाळीची सुट्टी संपत आलेली, सोमवारी शाळा. पालकांच्या ग्रुपवर ऋतिकाच्या आईनं, पूर्णिमा मॅडमनी, गोड विचारलं होतं की दुसऱ्या व्हॅनवाल्या काकांचा नंबर कुणाकडं आहे का, जस्ट इन केस. शर्मिलानं त्याला अंगठा दिला आणि दातओठ खाल्ले. एकदा काकांकडं गेलेली पोरं परत येत नसतात.

चांदभाई मिस्त्री माणूस सरळ. त्यांनी आधी वरच्या झाकणाचं गॅस्केट बदललं, मग मागचं सील. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोपुढच्या पाइपात तेल सापडलं म्हणून टर्बो उतरवून तोही तपासला, सील नवी घातली. तरी एक भोक बुजवावं तर दुसरीकडं झरा. शनिवारी सकाळी त्यांनी चालू इंजिनावर तेलाचं झाकण काढलं, तर आतून भकाभक वाफारा आला. चांदभाईंनी हात पुसले. म्हणाले, पिस्टनच्या रिंगा गेल्या ताई, इंजिन खोलावं लागेल, सोमवार विसरा.

शर्मिला विसरायला तयार नव्हती. रिंगा गेल्या तर गाडीची ओढ कमी व्हायला हवी, सकाळच्या गारठ्यात सुरू व्हायला नखरे हवेत. ही तर अजून अर्ध्या सेल्फवर उठते. चांदभाईंनी मान हलवली, तेही खरंच, पण मग एवढी हवा येते कुठून?

तिच्या मनात आणखी एक सलत होतं. ऑइल बघायची पट्टी. जेव्हा बॉनेट उघडावं तेव्हा पट्टी आपल्या जागेवरून वर सरकलेली. इतके दिवस तिला वाटे, आपणच नीट बसवली नाही. आता तिनं चांदभाईंसमोर पट्टी अंगठ्यानं गच्च दाबली, गाडी सुरू करून रेस धरायला लावली. पट्टी उतू जाणाऱ्या दुधासारखी हळूहळू वर आली.

"चांदभाई," ती म्हणाली, "कुकरची शिट्टी अडकली की वाफ झाकणाकडून येते. म्हणून कुणी झाकण बदलत बसतं का?"

चांदभाई स्वतःच्याच कपाळावर बोट मारून हसले. "इंजिनाची शिट्टी म्हणजे ब्रीदर. वरचं टोक मी पाहिलं, ते साफ आहे. खाली कोण वाकून बघतो?"

रिंगांच्या फटीतून थोडी हवा प्रत्येकच इंजिनाच्या पोटात उतरते. ती बाहेर जावी म्हणून वरच्या झाकणापासून गाडीखाली एक नळी सोडलेली असते, तोच ब्रीदर. त्यातून एखादा थेंब तेल पडतंही. चांदभाईंनी नळीचं वरचं टोक सोडवून इंजिन चालवलं. वाफारा निवला, पट्टी जागची हलली नाही. नळीत फुंकर मारली तर गाल फुगले, हवा काही पार होईना. मग ते गाडीखाली शिरले नि तारेचा आकडा घालून काळाकुट्ट बोळा ओढून काढला.

"कुणीतरी मुद्दाम ठासलाय. दुश्मनी आहे का कुणाशी, ताई?"

शर्मिलानं बोळा उलगडला. आतल्या घडीत लाल काठ अजून शाबूत होता. असला पंचा तिच्या गॅलरीत रोज वाळत असे.

"दुश्मन असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

मग दोघं कामाला भिडले. नवी नळी कुठं झोळ पडणार नाही अशी बसवली. तिच्या शेवटी तेल साचायला बाटली, पण हवेची वाट मोकळी. टर्बो मुळात ठीकच होता. पोटात दाब साचल्यानं त्यातलं तेल खाली उतरत नव्हतं, एवढंच. पुढच्या पाइपातलं तेल मात्र पुसून काढलं, नाहीतर तेच पिऊन इंजिन उधळलं असतं. रविवारी झाकणाचं गॅस्केट पुन्हा घातलं नि संध्याकाळी गाडी घरी आणली.

सासरे, नागोराव, गॅलरीत लसूण सोलत होते. गावी जन्मभर ऑइल इंजिनवर पाणी उपसलेला माणूस. शर्मिलानं बोळा त्यांच्यापुढं ठेवला. म्हाताऱ्यानं सोललेली पाकळी ताटात टाकली.

"म्याच लावला वं. तो फळा वाचला अन् मले झोप नाही. माह्या सुनेले लोकं बोलतात म्हणजे काय? पाइप टपकत होता, तर पंचा फाडून कोंबला. बंद झालं ना तिथून?"

"झालं मामाजी. म्हणून तर बाकी सगळीकडून सुरू झालं."

नागोरावांनी लसणाची सालं एका जागी गोळा केली. मग हलकेच म्हणाले, "लिव्ह मंग त्या फळ्यावर. बुढ्यानं केलं म्हणून."

फळ्यावर लिहिणारे सोसायटीत पुष्कळ आहेत, असं म्हणून तिनं तो विषय तिथंच मिटवला. "नळीखाली बाटली लावलीय. ती रिकामी करायचं काम आता तुमचं. फक्त बोळा लावायचा नाही."

सोमवारी ती खाली उतरली तर नागोराव आधीच पुढच्या चाकाशी उकिडवे बसून बाटली न्याहाळत होते. तिनं पुठ्ठा ओढला. कोरडा. पट्टी दाबली, इंजिन रेस करून पुन्हा पाहिली. पट्टी जागच्या जागी. म्हाताऱ्यानं पुठ्ठा घडी करून काखेत मारला.

पहिल्याच थांब्यावर पोरांच्या घोळक्यात पूर्णिमा मॅडम ऋतिकाला घेऊन उभ्या होत्या.

"मिळाला का काकांचा नंबर?" शर्मिलानं विचारलं.

"लागायची वेळच आली नाही," मॅडम म्हणाल्या नि ऋतिकाची बॅग आत ठेवली.

शर्मिलानं गिअर टाकला. आरशात एकदा मागं पाहिलं. पोरं होती, धूर नव्हता.