तमिळमध्ये दुखत नव्हतं

गाडी कुंभकोणमला लागली तेव्हा फलाटावर कॉफीचा वास होता आणि माझा गुडघा सुजला होता. हे गेल्यापासून मी घरी एकटीच असते. मंदा, माझी मुलगी, म्हणाली, "भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा चल माझ्याबरोबर." म्हणून गेले. देवळं बघायची मला हौस नाही.

मंदा डॉक्टर आहे. जो रोगी बरा होणार नाही त्याचं दुखणं तरी कसं कमी करायचं, हे ती इतर डॉक्टरांना शिकवते. कुंभकोणमच्या वर्गात नेपाळचे होते, आफ्रिकेतले होते, आजूबाजूच्या खेड्यांतले होते. मी मागे बसून ऐकलं. समजलं एवढंच, की एवढं शिकलेल्या माणसांनाही "कुठे दुखतं?" हे विचारायला शिकवावं लागतं.

कॉफी इथे पितळी पेल्यात आणि डबऱ्यात (पसरट वाटीत) देतात. ओतून निववायची असते. मी तशीच तोंडाला लावली आणि ओठ भाजून घेतला. हॉटेलवाला हसला. मीही हसले असते, पण ओठ हलेना.

दुसऱ्या दिवशी वर्गातली सेल्वी नावाची तरुण डॉक्टर मला म्हणाली, "पाट्टी (आजी), जवळच्या इन्नंबूर गावात एक मराठी बाई आजारी आहे. येता?" तिला मोडकं हिंदी येत होतं, मलाही तेवढंच. आमचं जमलं. मंदा दुसऱ्या गटाबरोबर गेली होती.

रस्ताभर भाताची खाचरं होती. रिक्षावाला चुकून एका देवळापुढे घेऊन गेला, मग मागे वळलो.

अंबूबाई खाटेवर होती. छातीचा कॅन्सर हाडांत उतरलेला. तिच्या घराण्यातले लोक मराठ्यांच्या राज्यात इकडे आले ते इथलेच झाले. मुलगा माधवराव बँकेतून निवृत्त झालेला. सून तमिळ, नातवंडं तमिळ. नवरा गेल्यावर घरातली मराठी अंबूबाईपुरतीच उरली होती.

"या, बैसा," ती मला म्हणाली. माझ्या आजीच्या तोंडीही असा शब्द मी ऐकला नव्हता. मी दोन वाक्यं बोलले तर म्हणते, "तुम्ही शब्द अर्धे खातां हो, अक्का. भूक लागली आहे काय?"

सेल्वीने तिला विचारलं, "वलिक्कुदा?" (दुखतंय का?)

"ओण्णुम् इल्लै." (काही नाही.)

सेल्वीने मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या होत्या. माधवराव तमिळमध्ये म्हणाला, ते सेल्वीने मला हिंदीत सांगितलं: "आईला दुखतच नाही, तर गोळी कशाला? ती शेवटची गोळी असते." सेल्वीने समजावलं, की ती मरणाची गोळी नाही, दुखण्याची आहे. तो ऐकेना. आणि बाई नाही म्हणत असताना सेल्वी तरी किती बोलणार?

पाठीची जखम पुसायला तिला कुशीवर वळवलं तेव्हा अंबूबाई हळूच म्हणाली, "आई गे, मेलें."

सेल्वीचा हात थांबला. "पाट्टी, काय म्हणाली?"

मी सांगितलं.

"तुम्ही विचारा. मराठीत."

मी विचारलं, "दुखतं का हो?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचं तोंड वाकडं झालं. "दुखतें, अक्का. रात्रभर दुखतें. हाडांत आग जाली आहे."

माधवराव दारातच उभा होता. त्याने आधी तमिळमध्ये काहीतरी म्हटलं, मग शब्द शोधत शोधत मराठीत, "आई, मी रोज पुसत होतों. कां सांगितलें नाहींस?"

"तूं तमिळांत पुसलास," ती म्हणाली. "तमिळ बाहेरच्यांशीं बोलायची. बाहेरच्यांस काय सांगायचें? ओण्णुम् इल्लै, असेंच येतें तोंडास."

तो बाहेर गेला. परत आला तो पाण्याचा पेला घेऊन. गोळी त्यानेच दिली.

सेल्वी माझ्याकडून एकच वाक्य शिकली. अंबूबाईने ते तिच्या पद्धतीने दुरुस्त केलं: "कोठें दुखतें?" सेल्वीच्या तोंडून ते "कोटें दुगतें" असं निघायचं. अंबूबाई म्हणाली, "ही मेली तर अक्षरेंच गिळते!" हसताना तिला कळ आली. आता तिने ती लपवली नाही.

निघायच्या दिवशी मी पुन्हा गेले. ती झोपली होती. माधवराव म्हणाला, बऱ्याच दिवसांनी अशी झोपली आहे. मी उठवलं नाही. "येते" म्हणाले. तिकडेही 'जाते' म्हणत नाहीत.

घरी पोचले आणि काही दिवसांनी मंदाला सेल्वीचा फोन आला. अंबूबाई गेली. शेवटच्या दिवशी सेल्वीने ते मराठी वाक्य विचारलं, तर ती "पाय" म्हणाली. माधवराव तिचे पाय चेपत बसला होता.

मंदा रडली. मी चहा टाकला.

ह्यांच्या आजारात मीही रोज विचारायची, दुखतं का? "काही नाही," म्हणायचे. आमच्या घरात तर दुसरी भाषाच नव्हती.